अर्ध्या भाकरीचा वेळ

आण्णांना माणसांची नावं पाठ असायची. नुसती नावं नव्हेत. बापाचं नाव, गाव, सोयरीक कुठली, थोरल्या मुलीला कुठं दिलं, सगळं. त्यांच्याबरोबर वडवणीच्या बाजाराला जाणं ही आम्हा भावंडांना शिक्षा वाटे, कारण कांद्याच्या ढिगापासून मिरचीच्या ढिगापर्यंत पोचायलाच दुपार होई. भेटेल त्याला ते नावानं हाक मारायचे, त्याच्या बैलाची, म्हाताऱ्या आईची चौकशी करायचे आणि मगच पुढचं पाऊल टाकायचे. "नाव घेतलं की मानूस आपला व्हतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माय मागं पिशवी धरून ताटकळलेली असायची. ती म्हणायची, "मानूस आपला व्हतो, पर बाजार उठून जातो त्याचं काय?" आण्णा नुसते हसत. माझ्या आईबापांचा हा जन्माचा वाद एका दुष्काळात निकराला आला आणि त्यात माझी शाळा अडकली, ते मला लिहून ठेवायचं आहे. इतकी वर्षं मी ते टाळलं. का टाळलं, तेही लिहीन.

आमचं गाव वडवणीहून डोंगराच्या अंगाला, बस सोडते तिथून पाऊण तास पायी. आजोबांनी मेंढरं विकून मुरमाड जमीन घेतली आणि आमचं घर एका जागी बसलं. मायच्या माहेरची माणसं मात्र मी कळती झाले तरी फिरतच होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं, मेंढरांमागं गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगाला उतरायचं, आणि आखाडाच्या तोंडाला परत यायचं. लग्न होईपर्यंत मायही त्यांच्याबरोबर चाललेली. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण घरात साधी सुई ठेवतानासुद्धा ती क्षणभर थांबायची, आणि मग अशा जागी ठेवायची की पुन्हा लागली तेव्हा हात तिथंच जावा. मला तेव्हा तो तिचा चक्रमपणा वाटे. आज माझ्या घरात चष्मा शोधण्यात अर्धी सकाळ जाते तेव्हा तिची आठवण येते.

गावात दूध संस्था निघाली तेव्हा चेअरमन कुणाला करायचं यावरून दोन भावक्यांत जुंपली होती. शेवटी ज्याचं कुणाशीच वाकडं नाही असा माणूस म्हणून आण्णांना बसवलं. आमच्या ओसरीला लागून असलेली खोली संस्थेची झाली. पहाटे कॅनच्या झाकणांचा खणखणाट, मापाची टणटण आणि बायांच्या गप्पा यांनीच आम्हाला जाग यायची. दुष्काळ पडला तसा तो आवाज उतरत गेला. पाच कॅनांचे तीन झाले, मग एकच राहिला, आणि तोही उचलला की आत दूध डुचमळायचं. थोरला भाऊ कारखान्याकडं ऊसतोडीला गेला. माय आणि आण्णा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची. माय उकळतं पाणी घालून पीठ मळायची, तरी फाटायचीच. बरोबर तरवट्याचा पाला, नाहीतर हुलग्याचं माडगं. माडग्याला चव नसे, नुसती वाफ असे. धाकटे दोघे ती वाफच फुंकर घालून घालून खात बसायचे, म्हणजे जेवण लांबतं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गावची दुधाची गाडी बंद झाली. तालुक्याच्या दूध संघाची सभा होती आणि प्रत्येक गावच्या चेअरमनला बोलायला पाच मिनिटं मिळणार होती. आण्णा धुतलेला फेटा बांधून गेले आणि संध्याकाळी समाधानानं परत आले. "येकाचंबी नाव सुटलं न्हाई," म्हणाले. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी कळला, कारण बरोबर गेलेल्या एकानं पारावर त्यांची नक्कल करून दाखवली. आण्णांनी अध्यक्षांपासून सुरुवात केली, मग उपाध्यक्ष, मग एकेक संचालक, प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, मागं 'आदरणीय', पुढं 'साहेब'. अकराव्या नावावर टेबलावरची घंटी वाजली. आण्णांनी हात जोडले आणि खाली बसले. गाडीचा 'ग'सुद्धा तोंडातून निघाला नव्हता. गाडी आली नाही. बाया डोक्यावर दूध घेऊन सडकेपर्यंत चालायला लागल्या.

याला हसण्याचं कारण नाही. मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजून कुठं ना कुठं समारंभाला बोलावतात. व्यासपीठावर दहा जण असतात आणि प्रत्येक वक्ता त्या दहाही जणांची नावं पुन्हा घेतो. एखादं सुटलं तर चिठ्ठी येते. समोरची माणसं जांभया देतात, आणि ज्या कामासाठी सगळे जमले ते काम चहा थंड होता होता कुणीतरी उरकून टाकतं. आमच्याकडं हे असंच आहे. नाव न घेणं हा अपमान असतो आणि अपमान माणसं दुष्काळापेक्षा जास्त वर्षं लक्षात ठेवतात. आण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. ते मूर्ख नव्हते.

मग छावणीची बातमी आली. जनावरांसाठी चारा सरकार देणार, छावणी संघ चालवणार, पण आमच्या सगळ्या भागाला मिळून एकच. जागा जवळपास ठरलेली होती: मांजरसुंब्याच्या पुढं, डांबरी सडकेला लागून, ट्रक सरळ आत जातील अशी. आमच्या गावाहून धडधाकट जनावराला ती दोन दिवसांची चाल. आमची मोरी म्हैस तेव्हा उठवल्याशिवाय उठत नव्हती. शिवाय नियम असा की जनावरांबरोबर घरचं एक माणूस छावणीत राहिलं पाहिजे, पाऊस पडेपर्यंत. गडी माणसं ऊसतोडीला नाहीतर खडीवर, बायाही खडीवर. मग उरलं कोण? गावातून वडवणीच्या हायस्कूलला जाणाऱ्या आम्ही तीन मुली होतो. तिघींच्याही घरी एकाच आठवड्यात एकच निर्णय झाला.

आमच्या घरी तो आण्णांनी सांगितला. ताटाकडं बघत म्हणाले, "कौशी जाईल म्हशीसंगं. काय करावं मग?" मी नववीत होते. शाळेतून एकदा उठलेली मुलगी परत बाकावर बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिला पाहायला पाहुणे येत आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या कपाळाला मुंडावळ्या असत. मी माडग्याची वाटी खाली ठेवली. रडले नाही, कारण रडून काय होणार हेही दिसत होतं. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग आण्णांकडं.

"सभा कवा हाय?" तिनं विचारलं.

"पुढच्या बाजारी. कावून?"

"तितं काय बोलनार तुमी?"

आण्णांनी घास गिळला, पाठ सरळ केली आणि सुरुवात केली. आदरणीय अध्यक्षसाहेब, आदरणीय उपाध्यक्षसाहेब, असं करत ते सातव्या नावावर पोचले तेव्हा मायनं हात वर केला.

"ह्ये घोडं कुणी भरलं?" ती म्हणाली.

आण्णांना कळेना. मलाही कळेना. मग मायनं सांगितलं, आणि ते मी पुढं तीस वर्षं दर वर्षी नव्या मुलांना सांगत आले. तिच्या माहेरी बिऱ्हाड हलवताना घोडं भरायचं काम तिच्या आईचं असे. नवीन बाई घोडं भरते ती निघायचं बघून भरते. जे हाताला लागेल ते आधी. मग मुक्कामाला पोचलं की घागर सगळ्यात तळाला सापडते, लेकरं पाणी पाणी करतात आणि सगळं बिऱ्हाड उन्हात सोडावं लागतं. "निघायचं बघून बांधू ने. उतरायचं बघून बांधावं. उतरल्यावर आदी काय लागतं? पानी. मग सगळ्यात वर काय पायजे? घागर. तुमची घागर कोन्ती हाय?"

"छावनी," आण्णा म्हणाले.

"मग ती वर बांदा."

"आगं, पन आल्या आल्या हात पसरायचा? पाव्हन्याच्या दारात गेल्यावर आदी ख्यालीखुशाली असती, मग पानी, मग चा. मग काम काडायचं. रीत हाय ती."

"ते पाव्हनं न्हाईत अन् आपुन चाला न्हाई चाललो," माय म्हणाली. "पाच मिन्टं हायेत."

तो आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी कामावरून आल्यावर माय चुलीपुढं बसे, आण्णा उंबऱ्यावर, आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत असे. लिहायची, खोडायची, परत लिहायची. वर छावणी. तिच्या लगेच खाली विहीर, कारण गावाबाहेरच्या जुन्या बारवेला एवढ्या दुष्काळातही पाणी होतं, आणि सडकेच्या जागेला पाणी टँकरनं न्यावं लागणार होतं. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. सभेत मात्र ती कुणी बोललं नव्हतं, कारण तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. मुलींच्या शाळेचं काय करायचं यावर आण्णा अडून बसले. "पोरींच्या शाळेसाटी कोन छावनी देतंय? हासतील मला." माय म्हणाली, ते वर बांधू नका, खालीही बांधू नका. वाटेत मेंढी व्याली तर कोकरू घोड्यावर मधे बांधतात. वर बांधलं तर ऊन लागतं, खाली बांधलं तर ओझ्यानं दबतं. "मधी ठिवा. पर सोडू नगा." मी तो शब्द लिहिला, 'मुली', आणि पेन्सिल तिथंच थांबली. तो माझ्याबद्दल होता. आणि तळाला पोतं: गाव काय करील ते. मांडव आम्ही घालू, खड्डे आम्ही खोदू, ट्रक जिथं थांबेल तिथून चारा आम्ही डोक्यावर आणू. "पोतं शेवटी उतरतं," माय म्हणाली, "पर घोडं तोलतं त्यानंच."

आता प्रश्न राहिला वेळेचा. घरात घड्याळ नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी मला एका रविवारपुरतं मनगटातलं घड्याळ काढून दिलं. मी ते चुलीपाशी घेऊन बसले आणि मायच्या भाकरी मोजल्या. पीठ मळून तयार असलं तर पाच मिनिटांत तिच्या तीन भाकरी होत. थापणं, तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं, विस्तवाला लावणं, सगळं धरून. मिलो होती म्हणून तीन, ज्वारीच्या चार झाल्या असत्या. सोमवारी घड्याळ परत गेलं, पण आमचं मोजमाप ठरलं. आण्णा बोलायला लागले की माय पहिली भाकरी थापायला घेई. नुसत्या नावांनाच तिन्ही भाकरी लागत. हे कळलं तेव्हा आण्णा स्वतःच खजील झाले. नावं काढल्यावर मात्र सगळं भाषण अडीच भाकरीत बसलं.

"आरदी उरली," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

"त्या आरद्या भाकरीत घ्या नावं," माय म्हणाली. "काम सांगून झाल्यावर. मग मी काई म्हननार न्हाई."

आण्णांच्या जिवाला त्यानंच घोर लागला. अर्ध्या भाकरीत नावं दोन बसत, फार तर तीन. अकरा जणांतली कुठली दोन? अध्यक्षांचं घ्यावं तर उपाध्यक्ष रुसणार, दोघांचीही घ्यावीत तर बाकीचे नऊ. ते सकाळी मोरीपुढं उभे राहून भाषण म्हणायचे, ती मान न हलवता ऐकायची, आणि शेवटाला येऊन ते अडकायचे. "काय करावं बे मोरे?" म्हणायचे. एकदा मला म्हणाले, "कौशे, नाव घ्यायला जागा येकच अन् मानसं अकरा. लई अवघड काम दिलं तुज्या मायनं."

सभा बाजाराच्या दिवशी, वडवणीतल्या एका कापसाच्या गोदामात होती. मायला कामावर खाडा करता येत नव्हता. "तू जा," ती मला म्हणाली, "कागद धरायला. तुज्यावरच बोलायचंय तितं." गोदामात कापूस नव्हता, नुसता त्याचा जुना वास होता. सतरंज्यांवर माणसं दाटून बसली होती आणि एका कडेला आम्ही पाच-सहा बाया. दारापाशी आमच्या वर्गातली काही मुलं गंमत बघायला उभी होती. एकेक चेअरमन उठत होता, नावं घेत होता, घंटी वाजत होती, तो बसत होता. दोघांतिघांना कशीबशी मागणी करता आली. ती शेवटच्या अर्ध्या वाक्यात आली आणि घंटीत विरली. कागदाची घडी माझ्या मुठीत ओली झाली.

आमच्या गावाचं नाव पुकारलं. आण्णा उठले, फेटा नीट केला, पुढं गेले आणि म्हणाले, "आमच्या गावाला जनावरांची छावनी द्या, ह्ये मागायला मी आलोय."

गोदामात कुणीतरी खोकत होतं, तेही थांबलं. व्यासपीठावरचे एक संचालक हसून म्हणाले, "चेअरमन, आदी व्यासपीठाला वळखा की. का इसरलात आमाला?" माणसं हसली. आण्णांचे हात आपोआप जोडले गेले. ओठ हलले. पहिलं नाव त्यांच्या जिभेवर आलं आहे, ते मला इतक्या लांबून दिसलं, आणि ते एकदा सुटलं की अकराही बाहेर येणार हेही मला कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही ठरवलं नव्हतं. माझे दोन्ही तळवे एकमेकांवर आले आणि मी आवाज न करता हवेत भाकरी थापली. एकदा, दोनदा.

"इसरलो न्हाई साहेब," आण्णा म्हणाले. "मागच्या टायमाला समद्यांची नावं घेतली अन् गाडीचं राहून गेलं. आज म्हसरांचं राहू ने."

पुन्हा हसू आलं, पण वेगळं. मग ते बोलत गेले. घागर उतरली, बारव उतरली. त्यांचा आवाज मोठा नव्हता. माणसं पुढं झुकून ऐकायला लागली. मधे ते म्हणाले, "आमच्या गावात तीन पोरी हायस्कुलाला जातेत. छावनी लांब गेली तर त्या तिगी जनावरामागं जातील, अन् परत शाळेत येनार न्हाईत. माजी त्यातली येक हाय." इथं कुणी हसलं नाही. मी मान खाली घातली. पोतंही उतरलं. आण्णा थांबले. घंटी वाजली नव्हती.

अर्धी भाकरी उरली होती. सगळ्या गोदामाला तो उरलेला वेळ जाणवला, कारण त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाकडंच उरला नव्हता. आण्णा म्हणाले, "आता येक नाव घ्यायचं हाय." व्यासपीठावरची माणसं सावरून बसली. अध्यक्षांनी पानाचा विडा गालात सरकवला. आणि आण्णांनी, ज्यांनी आयुष्यात कुणासमोर तिला 'आगं' शिवाय हाक मारली नव्हती, त्यांनी मायचं नाव घेतलं. एकच वाक्य बोलले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवो, आसं न्हाई! उखाना घ्या चेअरमन, उखाना!" आणि सगळं गोदाम खो-खो हसत सुटलं. अध्यक्ष हसले, संचालक हसले, घंटीवाला हसता हसता घंटी वाजवायला विसरला. दारातली पोरं एकमेकांना ढोसत होती. त्यातला एक जण माझ्याकडं बोट दाखवून मायचं नाव म्हणत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी व्यासपीठाला नमस्कार केला आणि शांतपणे येऊन बसले.

आठवड्याभरात संघाची माणसं बारव बघून गेली आणि छावणी आमच्या गावाला मिळाली. भाषणामुळं मिळाली की पाण्यामुळं, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण पाणी आधीपासून होतंच, ते त्यांना त्या दिवशी कळलं. मोरी जगली. आम्ही तिघी शाळेत राहिलो. पुढल्या निवडणुकीत संस्थेवर दुसरा चेअरमन आला, आणि संघाच्या कुठल्याच कार्यक्रमाचं आमंत्रण आण्णांना पुन्हा आलं नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. बाजारात ते त्या संचालकांनाही पूर्वीसारखंच नावानं हाक मारत. हाकेला उत्तर मात्र येत नसे.

पण मला लिहायचं आहे ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. सभेहून परत येताना बस सोडली आणि आम्ही पायवाटेला लागलो. ओढा ओलांडताना आण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुज्या मायला समदं सांग बरं का. मला न्हाई सांगता यायचं." पन्नाशीला आलेला माणूस, पण चेहरा नवरदेवासारखा झाला होता. मी "हां" म्हणाले. माझ्या कानात अजून ते हसू घुमत होतं.

घरी दिवा लागायची वेळ झाली होती. माय भाकरी करत होती. आण्णा अंगणातच थांबले, भांडी विसळलेलं पाणी राखून ठेवलेलं असे, त्यानं पाय धुवायला. मी चुलीपाशी बसले आणि सगळं सांगितलं. छावणीचं मागणं आधी कसं केलं, संचालक काय म्हणाले, आण्णांनी काय उत्तर दिलं, माणसं कशी पुढं झुकली. मायच्या हातातली भाकरी थापायची थांबली होती. तिचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला.

"अन् आरदी भाकर?" तिनं विचारलं. "उरली का न्हाई?"

"उरली."

"मग तेवड्यात कुनाची नावं घेतली?"

मी विस्तवाकडं पाहत होते. म्हणाले, "कुनाचीच न्हाई."

"येकाचंबी न्हाई?"

"न्हाई."

बाहेर पाण्याचा आवाज थांबला. भिंत कुडाची होती. आमच्या घरात एकानं बोललेलं दुसऱ्याला ऐकू येई. मग तांब्या दगडावर ठेवल्याचा आवाज आला. आण्णा आत आले, ताटावर बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "भाकर चांगली झालीय." मिलोची भाकरी कधी चांगली होत नसे.

ते खोटं मी का बोलले? लाजेनं, दुसरं काही नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला चारशे माणसांनी आपल्या आईच्या नावावर हसणं सोसवलं नाही, आणि मला वाटलं की मी सांगितलं नाही तर ते घडलंच नाही असं होईल. आण्णांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. मुलीला लाज वाटली, म्हणजे आपलंच चुकलं, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी ते नाव पुन्हा कधीच घेतलं नाही. माझ्या लग्नात भटजींनी आग्रह केला तेव्हासुद्धा हसून टाळलं.

मी शिक्षिका झाले. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं, हे मी बढाई म्हणून नाही, खरं म्हणून सांगते. घोडं, घागर, कोकरू, पोतं, हे सगळं मी त्यांना शिकवलं. काय बोलायचं ते आधी ठरवा, त्यातलं एकच सगळ्यात वर ठेवा, आणि ते पोचवल्याशिवाय खाली बसू नका. मुलं बक्षिसं आणत आणि पालक माझे आभार मानत. माझ्याकडं मात्र पोचवायला एकच वाक्य होतं आणि ते मी चुलीपाशी बसून गिळलं होतं.

आण्णा गेले. माय त्यानंतर पुष्कळ वर्षं होती, शेवटी शेवटी बीडला माझ्याकडंच. एकदा दुपारी मी मुलांचं भाषण तपासत होते आणि ती माझ्याशेजारी शेंगा निवडत बसली होती. आपल्याच नादात हसली आणि म्हणाली, "सगळ्या जगाची नावं घेतली तुज्या बापानं. माजं तेवडं येकदाबी न्हाई घेतलं." तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. दुसरी कुठलीही गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि पुढची शेंग उचलली. मी तोंड उघडलं. आता सांगितलं तर त्या संध्याकाळी खोटं बोलले, आणि तेही आण्णांना ऐकू जात असताना, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "चहा टाकते." मी उठून आत गेले. पुढच्या पौषात ती गेली.

आता ऐकायला दोघंही नाहीत. तरी मुलांना जे शिकवलं त्याप्रमाणं, उरलेल्या वेळात ते एक नाव घेऊन मग मी खाली बसते. गोदामात आण्णा म्हणाले होते: "ह्ये भाषन माजं न्हाई. माज्या घरची बायजाबाई, तिनं ह्ये बांदून दिलं. मी नुसतं उतरवलं."